इंजेक्टर गळतोय? बदलण्याआधी कुठून ते बघा

डिझेल गाडीने लाख-दीड लाख किलोमीटर ओलांडले आणि बॉनेटखालून डिझेलचा वास यायला लागला, की 'इंजेक्टर गेले' (म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) हे ऐकायला मिळतंच. चारही एकदम बदला म्हणणारेही भेटतात. बऱ्याचदा इंजेक्टर शाबूत असतो. गेलेला असतो तो त्याच्या बुडाखालचा तांब्याचा वॉशर, नाहीतर उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न पाइपची रबरी ओ-रिंग. या दोन्हींची किंमत चार-दोन चहांच्या हिशेबातली, म्हणून पाना लावण्याआधी गळती नेमकी कुठली ते ठरवायचं.

इथलं सगळं कॉमन रेल गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांत एकाच जाड नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरांना जोराच्या दाबाने डिझेल जातं. 1.3 लिटर मल्टिजेटवाल्या स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा अशा गाड्या त्यात आल्या. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन चालू ठेवून एकेका पाइपचा नट सैल करायचा आणि कुठला सिलिंडर मिसिंग करतोय ते ओळखायचं, ही मिस्त्री लोकांची जुनी सवय. कॉमन रेलवर ती जिवावर बेतेल. आयडलला रेलमध्ये साधारण 250 ते 300 बार दाब असतो, लोडवर तो 1400-1600 पर्यंत जातो. एवढ्या दाबाची धार डोळ्याला दिसत नाही आणि डिझेल थेट कातडीखाली शिरतं. वर जखम टाचणीएवढी दिसते, आत बोट सडू शकतं. असं झालं तर हळद लावून बसू नका, सरळ दवाखाना गाठा. इंजिन बंद केल्यावर निदान दहा मिनिटं थांबा, मगच पाइपला हात लावा. गळती शोधताना बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा.

गळती ओळखायची कशी

इंजेक्टरांभोवतीचा भाग डिझेल क्लीनरने धुऊन हवेने कोरडा करा. मग साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी पाच मिनिटं आयडलला ठेवा, बंद करा आणि टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरीवर ओला ओघळ जिथून सुरू होतो, तिथेच गळती. वरच्या प्लॅस्टिक क्लिपपाशी असेल तर रिटर्न लाइनची ओ-रिंग. लोखंडी पाइपच्या नटपाशी असेल तर हाय प्रेशर जोड.

बुडाचा वॉशर गेला असेल तर डिझेल नाही, सिलिंडरमधला गॅस वर येतो. थंड इंजिन चालू करताच 'चफ्-चफ्' असा आवाज येतो आणि रेस वाढवली की त्याचा वेगही वाढतो. इंजेक्टरच्या खड्ड्यात थोडं साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडे उठतात. दुखणं जुनं असेल तर त्याचीही गरज नाही. गुऱ्हाळातल्या कढईच्या काठाला करपून बसलेल्या काकवीसारखा काळा, टणक थर इंजेक्टरला धरून बसलेला दिसतो. काही इंजिनांत इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत बसतात. तिथे हा गॅस थेट ऑइलमध्ये जातो, कार्बनच्या गुठळ्या होतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. त्या गाडीत हे काम लांबणीवर टाकू नका.

बाहेर काहीच ओलं नाही, पण गरम इंजिनला सेल्फ लांब मारावा लागतो? मग गळती बहुधा इंजेक्टरच्या आत आहे. चारही रिटर्न पाइप काढा, सारख्या लांबीच्या पारदर्शक नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करा. तीन मिनिटं आयडल. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर दोषी. तो टेस्ट बेंचवरच नेऊन तपासावा लागतो. आणि डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढतंय, त्याला डिझेलचा वास येतोय, तर नोझल, म्हणजे इंजेक्टरचं फवारणारं टोक, ठिबकतंय असं समजा. ती गाडी चालवू नका.

ओ-रिंगचं काम किरकोळ. क्लिप वर ओढा, जुनी रिंग काढा, डिझेलला चालणाऱ्या रबराची नवी रिंग डिझेलमध्ये बुडवून बसवा. पाण्याच्या नळाची रिंग मापाला बसते, पण डिझेलमध्ये फुगते.

वॉशर बदलताना

आधी गाडी चालवून इंजिन गरम करा, थंड सिलिंडर हेडमधून इंजेक्टर सहसा हलत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कार्बन जिथे धरला आहे तिथे आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलेलं बरं. हाय प्रेशर पाइपचा नट सोडताना इंजेक्टरच्या मानेवरचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर पाइपऐवजी मान फिरते आणि चांगला इंजेक्टर भंगारात जातो. उघडी तोंडं लगेच टोपणाने बंद करा. टोपण नसेल तर स्वच्छ प्लॅस्टिक चालेल, कॉटन वेस्ट मात्र नको. तिचा एक धागा नोझल अडवायला पुरतो.

क्लॅम्प काढल्यावर इंजेक्टर थोडा डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. तरी येत नसेल तर स्लाइड हॅमर (सरकतं वजन आपटून खेचणारं हत्यार) लावा. सॉलेनॉइडच्या (इंजेक्टरवरच्या विजेच्या कॉइलच्या) डोक्याखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. कोल्हापुरात पावसाळ्यात इंजिन कव्हर न लावता फिरवलेल्या गाड्यांत या खड्ड्यांत पाणी साचून गंज धरतो, तिथे घाई हमखास अंगाशी येते. बाहेर आलेल्या इंजेक्टरवर सिलिंडर नंबर लिहा, कारण प्रत्येकाचा कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरात, भरलेला असतो. अदलाबदल झाली किंवा नवा बसवला तर स्कॅनरने कोड परत भरावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुना वॉशर इंजेक्टरबरोबर आला का ते बघा. नाही आला तर तो आत सीटला, म्हणजे हेडमध्ये वॉशर टेकतो त्या जागेला, चिकटलेला आहे. टॉर्च मारून बघा आणि वाकवलेल्या तारेच्या आकड्याने काढा. त्यावरच नवा वॉशर बसवणं ही नेहमीची चूक आहे. मग नोझल वर राहतं, धूर होतो आणि गॅस पुन्हा फुटतो. नवा वॉशर जुन्याच जाडीचा हवा. 1.5 मिमीच्या जागी 2 मिमीचा चालत नाही.

सीटवर कार्बन राहिला तर नवा वॉशरही महिनाभरात जातो. आधी सीटमधलं नोझलचं भोक ग्रीसच्या गोळीने बुजवा. सीट कटरच्या (सीट खरवडून साफ करणाऱ्या हत्याराच्या) दातांनाही ग्रीस भरा आणि हाताने, हलक्या दाबाने दोन-तीन फेरे फिरवा. बाहेर काढा, पुसा, बघा. राखाडी, सलग चमकणारी कडी दिसली की थांबा. जास्त कापलं तर नोझल खोल जातं. ड्रिल मशीन लावू नका. शेवटी व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून कचरा ओढून घ्या आणि ग्रीसची गोळी अलगद उचला. कटर नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांकडे चौकशी करा, पण माप तुमच्याच हेडचं घेऊन जा.

इंजेक्टरच्या अंगाला उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावा. नोझलचं टोक आणि वॉशर कोरडे ठेवा. क्लॅम्पचा बोल्ट नवाच घ्या, बहुतेक ठिकाणी तो ताणला जाणारा असतो. टॉर्क (आवळायचा जोर) इंजिनागणिक वेगळा, तो मॅन्युअलमधूनच घ्यायचा. टॉर्कनंतर अंश दिले असतील तर तेवढे अंशही फिरवा. अंदाजाने आवळलेला क्लॅम्प हेच वॉशर पुन्हा जाण्याचं दुसरं कारण. पाइपचे नट आधी हाताने पूर्ण बसवा, क्लॅम्प आवळा, मग नट आवळा. हा क्रम उलटला तर पाइप तिरका बसून गळतो. इंजेक्टरला 12 व्होल्ट थेट लावून 'टिक' ऐकायची कोणी सूचना केली तर ऐकू नका, कॉइल जळते.

टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर इग्निशन चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, नाहीतर फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. फिल्टरही जुना असेल तर याच वेळी बदला. पाणी आलेलं डिझेल नव्या नोझललाही सोडत नाही.

चालू झाली की लगेच रेस करू नका, पुठ्ठा फिरवून सगळे जोड बघा. मग पावडर पुन्हा भुरभुरवा आणि गाडी कोल्हापुरातून गगनबावड्यापर्यंत जाऊन येऊ द्या. शंभरेक किलोमीटर होतात, चढावर इंजिनही तापतं. घरी आल्यावर खड्डे उघडून बघा. पावडर पांढरी आणि कोरडी असेल तर कव्हर लावून टाका.