शाळेतील स्मार्टफोनला आवर घालायचा असेल, तर पालकांनी एकत्र कसे यावे

मुलगी सहाव्या वर्गात होती. दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, "आई, सगळ्यांजवळ फोन आहे, माझ्याचजवळ नाही." तिच्या वर्गात ४६ मुले होती. सुट्टी संपल्यावर शाळा सुटण्याच्या वेळी मी रोज फाटकापाशी उभी राहू लागले. आठवडाभरात ३१ घरांशी बोलणे झाले, आणि मुलाचा स्वतःचा फोन निघाला तो फक्त ९ घरांत. उरलेल्या २२ घरांत आईचा किंवा आजोबांचा फोन मुलाच्या हाती जात होता, आणि त्यांपैकी बहुतेक आयांनी हेच वाक्य आपापल्या स्वयंपाकघरात ऐकलेले होते. म्हणून शाळेकडे अर्ज घेऊन जाण्याआधी, सभा बोलावण्याआधी, आपल्या मुलाच्या वर्गापुरती ही मोजणी करावी. मुलाचा स्वतःचा फोन आहे का, त्यात सिम आहे का, तो शाळेत नेला जातो का, आणि नेला जात असेल तर कशासाठी, एवढे चार प्रश्न पुरतात. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत, पण नावे वहीबाहेर जाऊ देऊ नयेत.

या कामात एकट्या घराचा निश्चय फार दिवस टिकत नाही, कारण फोन नसलेले मूल वर्गात एकटे पडते आणि आई-वडिलांना ते बघवत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'वेट अनटिल एट्थ' (आठवीपर्यंत थांबा) या उपक्रमाने हे ओळखून एक साधी अट ठेवली होती, की एका वर्गातील किमान १० कुटुंबांनी सही केल्यावरच स्मार्टफोन न देण्याचे वचन लागू होईल, तोवर कोणी बांधील नाही. आयर्लंडमधील ग्रेस्टोन्स या गावात २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालक संघटनांनी मिळून मुलांना स्मार्टफोन न देण्याचे ठरवले, तेही ऐच्छिकच होते. आपल्याकडची उदाहरणे याहून जवळची आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या विदर्भातल्या, यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. या दोहोंत मला वडगावची रीत अधिक पटते, कारण त्या दीड तासात मोठ्यांचेही फोन बाजूला राहतात. शहरात ग्रामसभा नाही, तेव्हा तिची जागा एका वर्गातील दहा-बारा घरांनीच घ्यायची असते.

पहिली बैठक

पहिली बैठक कोणाच्या तरी घरी, रविवारी सकाळी ठेवावी. आमची नागपुरातल्या मानेवाड्यातील एका घरी तर्री-पोह्यांवर झाली आणि शाळेच्या सभेला कधीही न दिसणारे चार वडीलही तिथे आले. बोलावणे प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून द्यावे. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तर पहिल्याच संध्याकाळी दोन गट पडतात, आणि फोन कमी करण्याविषयीचे भांडण फोनवरच रात्री साडेअकरापर्यंत चालते. हे मी अनुभवाने सांगते आहे. आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे. शाळा सुटल्यापासून आई-वडील कामावरून येईपर्यंत मूल त्यांच्याजवळ असते, आणि घरातील सर्वांत सैल फोन बहुधा आजोबांचा असतो.

बैठकीतून एक पान लिहून बाहेर पडावे, त्याहून जास्त नाही. आमच्या पानावर तीनच वाक्ये होती: आठवा वर्ग पूर्ण होईपर्यंत मुलाला स्वतःचा स्मार्टफोन द्यायचा नाही, संपर्कासाठी गरज असेल तर बटणांचा साधा फोन द्यायचा, आणि रात्री साडेआठनंतर घरातील सर्वांचे फोन एका ठरावीक जागी ठेवायचे. तिसऱ्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण ते मोठ्यांना लागू होते. नववी ते बारावीच्या मुलांना या पानावर आणण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. नागपुरात नववीपासून ट्यूशन आणि नीट-जेईईच्या क्लासचे वेळापत्रक, सराव चाचण्या, शंकानिरसन हे सारे अ‍ॅपवरच असते, आणि त्या मुलांसाठी निराळा विचार करावा लागतो. पाचवी ते आठवी या टप्प्यावर मात्र पालकांची बाजू भक्कम आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम या कंपन्यांनी स्वतःच वापरासाठी किमान १३ वर्षांची अट घातलेली आहे.

"अभ्यासासाठी लागतो" हा आक्षेप येणारच. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना आधीच्या आठवड्याविषयी विचारले होते; ५७ टक्के मुलांनी तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरल्याचे सांगितले आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे आकडे शहरातले नाहीत, पण बैठकीत चर्चा सुरू करून द्यायला ते पुरेसे आहेत.

शाळेच्या दारात कोणत्या वाटेने जावे

शासकीय, महानगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अशा शाळेत विषय थेट समितीपुढे मांडता येतो. खासगी विनाअनुदानित शाळेला ते कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती ही आपली जागा. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत हा संघ स्थापन करावा लागतो, प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडले जातात. सोडत आहे म्हणजे आपलाच माणूस निवडून येईल याचा भरवसा नाही. म्हणून आपल्या गटातील जितकी घरे इच्छुक असतील तितक्यांनी नावे द्यावीत. आमच्या नऊ चिठ्ठ्यांपैकी एक निघाली आणि तेवढे पुरले. विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा अर्जाचा मसुदा जूनमध्येच तयार असावा. एप्रिलमध्ये सत्र सुरू करणाऱ्या शाळांत हे सारे तीन महिने आधी करावे लागेल.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, एका पानाचा, शक्य तितक्या सह्यांचा असावा आणि कार्यालयातून पोच घ्यावी. अर्जासोबत दोन कागद जोडणे उपयोगी पडते. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटले आहे, की एकदा लक्ष विचलित झाल्यावर ते पुन्हा अभ्यासावर यायला मुलाला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासिका साधारण ३५ ते ४० मिनिटांची असते हे मुख्याध्यापकांना वेगळे सांगावे लागत नाही. दुसरा कागद दिल्ली उच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२५ मधील निकालाचा. एका केंद्रीय विद्यालयातील विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालयाने सरसकट बंदी अनिष्ट आणि अव्यवहार्य ठरवली, मात्र शक्य तिथे फोन जमा करून घ्यावेत, वर्गात वापरू देऊ नयेत आणि पालक-शिक्षकांशी विचारविनिमय करून धोरण आखावे, असे सांगितले. आपले नागपूर खंडपीठ मुंबई उच्च न्यायालयाचे असल्यामुळे तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण नियम करायला कचरणाऱ्या शाळेला त्याचा आधार वाटतो.

काय मागावे

बहुतेक पालक इथे चुकतात. ते "शाळेत फोनवर बंदी घाला" अशी मागणी करतात, शाळा "ती आहेच" असे उत्तर देते आणि विषय तिथेच संपतो. मुलाच्या हातात फोन नेऊन देणारी गोष्ट बरेचदा शाळेनेच सुरू केलेली असते. २०२० च्या टाळेबंदीत वर्गांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाले आणि शाळा भरू लागल्यावरही ते मिटले नाहीत. आमच्याकडे गृहपाठ रात्री पावणेनऊला ग्रुपवर यायचा. मुलगी फोन मागायची, गृहपाठ वहीत उतरवायला दहा मिनिटे लागायची आणि फोन परत यायचा दहा वाजता. म्हणून आमची पहिली मागणी फोनविषयी नव्हतीच. गृहपाठ शेवटच्या तासिकेपूर्वी फळ्यावर लिहावा आणि मुलांनी तो डायरीत उतरवून घ्यावा, सूचना फक्त पालकांच्या क्रमांकावर याव्यात आणि आठवीपर्यंत फोनशिवाय पूर्ण न होणारा प्रकल्प देऊ नये, एवढेच आम्ही मागितले. हे मांडताना शिक्षकांना दोष देऊ नये. रात्री ग्रुपवर शंकांना उत्तरे देत बसणे त्यांनाही नको असते, आणि आमच्या अर्जाला पहिला पाठिंबा एका वर्गशिक्षिकेनेच दिला. शिक्षकांनी स्वतः तासिकेत फोन वापरू नये, हेही नियमात यावे. परंतु त्यांना माहिती आणि छायाचित्रे ऑनलाइन भरावी लागतात, तेव्हा तेवढी सवलत आपणच सुचवावी म्हणजे बोलण्यात कटुता येत नाही.

त्यानंतर फोन जमा करण्याची व्यवस्था. आम्ही शिंप्याकडून जाड कापडाचा, पन्नास खिशांचा पडदा शिवून घेतला, प्रत्येक खिशावर रंगाने हजेरी क्रमांक घातला आणि तो वर्गातल्या भिंतीला टांगला. पहिल्या आठवड्यात तो फसला. एकेकाचा फोन घेण्यात पहिल्या तासिकेची बारा मिनिटे जात होती, आणि बंद न केलेला एक फोन भूगोलाच्या तासाला खिशात थरथरत राहिला तेव्हा अख्खा वर्ग पडद्याकडेच बघत होता. मग जमा करण्याची वेळ प्रार्थनेच्या आधीची ठेवली, फोन पूर्ण बंद करूनच घ्यायचा असे ठरले आणि पडदा कार्यालयातील कुलपाच्या कपाटात हलवला. एका मुलाने घरातला बिघडलेला जुना फोन महिनाभर इमानदारीने जमा केला आणि खरा दप्तरात ठेवला. त्यावर दप्तरे तपासण्याचा उपाय काही पालकांनी सुचवला होता. आम्ही तो मानला नाही, त्याऐवजी कोणत्या घरातून कोणता फोन शाळेत येतो याची नोंद पालकांच्या सहीने घेतली.

नियम मोडल्यास काय, हे लेखी असावे. फोन त्याच दिवशी, पण पालकांच्याच हाती परत द्यावा. पैशांचा दंड आकारू नये. फोनमधील संदेश किंवा छायाचित्रे कोणीही उघडून पाहू नयेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करणे वगैरे प्रकार आधीच नाकारावेत. ज्या मुलाच्या रक्तातील साखरेचे यंत्र फोनला जोडलेले आहे किंवा ज्याच्या श्रवणयंत्राला फोन लागतो, त्याला सूट असावी आणि ती कशासाठी आहे हे वर्गात जाहीर होऊ नये.

पालकांच्या मनातली खरी भीती मात्र वेगळीच असते. जुलैच्या पावसात रस्त्यावर पाणी साचते, व्हॅन पाऊण तास अडकते आणि घरी जीव टांगणीला लागतो. या भीतीला उत्तर दिल्याशिवाय कोणीही मुलाच्या दप्तरातून फोन काढणार नाही, आणि काढू नये. आम्ही शाळेकडून कार्यालयातील एक क्रमांक शाळा सुटल्यावर तासभर उचलला जाईल एवढी हमी घेतली. व्हॅनवाल्या काकांनी निघताना आणि अडकल्यास एका पालकाला फोन करायचा आणि त्याने पुढच्या दोघांना कळवायचे, अशी साखळी लावली. सायकलने परस्पर ट्यूशनला जाणाऱ्या मुलींजवळ बटणांचे फोन राहिले.

शाळेने दाद दिली नाही, तर कार्यकारी समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्याची लेखी विनंती करावी. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट उघडी असते, पण माझ्या मते ती शेवटची ठेवावी. वरून आदेश आल्यावर शाळा फलक लावते, कपाट उघडत नाही.

सही न करणाऱ्या घरांना पुन्हा पुन्हा विचारू नये. कोणाची आई रात्रपाळीला असते, कोणाचे वडील दुसऱ्या गावी असतात आणि व्हिडिओ कॉल हीच त्यांची रोजची भेट असते.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करावी: कपाटात रोज किती फोन येतात, ग्रंथालयातून किती पुस्तके जातात, मधल्या सुट्टीत मैदानावर किती मुले असतात. आमच्या वर्गात सुरुवातीला रोज ११ फोन जमा व्हायचे, संक्रांतीपर्यंत ते ४ वर आले. ग्रंथालयाच्या नोंदीत मात्र फारसा फरक पडला नाही. ही वही, अर्जाची प्रत आणि शिंप्याने दिलेले माप पुढच्या जूनमध्ये पाचवीत येणाऱ्या मुलांच्या पालकांकडे सोपवावे. यंदा त्यांनी पडद्याला साठ खिसे सांगितले आहेत.