गूगलवरील स्थान न गमावता होस्टिंग कसे बदलावे

ठाण्यातील गोखले रोडवरचे दुकान असो वा तुर्भे एमआयडीसीतील कारखाना, संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर नेताना गूगलवरून येणारे ग्राहक तुटतील, ही मालकांची भीती रास्त आहे. मात्र डोमेन आणि पानांचे पत्ते तेच राहणार असतील, तर रीडायरेक्टची (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवण्याची) किंवा सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळमालकांसाठीच्या साधनात पत्ताबदल कळवण्याची गरज नसते.

डीएनएसमधील (डोमेनचे नाव सर्व्हरच्या आयपी पत्त्याशी जोडणाऱ्या यंत्रणेतील) टीटीएल (ती नोंद इतरत्र किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत) ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असेल, तर तो काही दिवस आधीच ३०० वर आणावा. नंतर फाइली आणि डेटाबेस नव्या सर्व्हरवर उतरवून, आपल्या संगणकातील होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसऐवजी त्या संगणकापुरता पत्ता ठरवणाऱ्या फाइलमध्ये) नवा आयपी पत्ता लिहून प्रत्येक महत्त्वाचे पान उघडून पाहावे. मराठी मजकूर विशेष काळजीने तपासावा, कारण डेटाबेसचा कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) चुकला की ‘ठाणे’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. सुरक्षित (https) जोडणीसाठी लागणारे एसएसएल प्रमाणपत्रही आधीच बसवलेले असावे. चाचणीपुरता लावलेला नोइंडेक्स टॅग (पान शोधनिकालांत घेऊ नये असे गूगलला सांगणारी खूण) काढण्याचे राहून गेले, तर पाने शोधनिकालांतून हळूहळू गळतात. माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच. नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलणार असल्यास ई-मेल कोणत्या सर्व्हरवर जावी हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीही नव्या जागी उतरवून घ्याव्यात.

डीएनएस बदलल्यावर जुने होस्टिंग लगेच बंद करू नये. त्याच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदवहीत) गूगलबॉटची (पाने वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमची) आणि ग्राहकांची ये-जा थांबेपर्यंत ते चालू ठेवावे. सुरुवातीला गूगलबॉटच्या फेऱ्या थोड्या कमी होतात आणि नवा सर्व्हर नीट प्रतिसाद देत असल्यास पुन्हा वाढतात.