नवं स्काऊट पथक काढताय? या चुका टाळा

जून उजाडला की मला फोन सुरू होतात. "सर, शाळेत स्काऊट सुरू करायचंय, गणवेश स्वस्तात कुठे मिळेल?" इतक्या वर्षांत "मुलांचे संघ, म्हणजे छोटे गट, कसे पाडू?" असं पहिल्या फोनला कुणीच विचारलेलं नाही. निवृत्तीनंतर मी आसपासच्या नव्या पथकांना हात देत फिरतो. मानधन नाही, एस.टी.चं तिकीट माझं मी काढतो. त्यामुळे फटकळ बोलायचा हक्क आपणहून घेतलेला आहे.

पहिल्याच दिवशी शाळाभर पोरं

एका शाळेने २२ फेब्रुवारीला, स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिनी, ६४ मुलं स्कार्फ घालून मैदानात उभी केली. बँड, पाहुणे, पेढे, पेपरात फोटो. या सगळ्यांना मिळून स्काऊटमास्तर, म्हणजे पथक चालवणारा शिक्षक, एक, आणि त्याचा बेसिक कोर्स, म्हणजे पहिलं प्रशिक्षण, अजून व्हायचा होता. एका संघात सहा ते आठ मुलं आणि पथकात चार संघ, म्हणजे फार तर ३२. इथे थेट दोन पथकांची पोरं एका माणसाच्या गळ्यात. मी तसं म्हणालो, तर मुख्याध्यापक म्हणाले, "सर, उत्साह आहे मुलांचा, कशाला आडवं येता?" दिवाळीनंतर त्या बाजूला गेलो, तर फाटकाशी एक पोरगा स्काऊटच्या स्कार्फने सायकलची सीट पुसत होता. पथकाचं काय झालं ते विचारावंच लागलं नाही.

मी आता आठ मुलांवर सुरुवात करायला लावतो. पहिले तीन महिने आठच. त्यांचा एकच संघ आणि तुम्हीच त्यांचे संघनायक. गाठी, खेळ, हाईक, भांडणं, सगळं त्या आठांबरोबर. मग त्यातले चार संघनायक, चार उपसंघनायक. प्रत्येक जोडीला सहा नवी मुलं द्या, चार संघ आपोआप उभे राहतात. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा विसेक मुलं आणि चार संघ होते. सैन्यात हयात घालवलेल्या माणसाला तेवढी पुरली, आपल्याला का पुरू नयेत?

यावर एकच तक्रार ठरलेली असते: "आठ मुलांचा फोटो बरा दिसत नाही." मग फोटो काढू नका.

मदतीला गेलेलाच मालक होतो

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एका खेड्यातल्या शाळेत तरुण शिक्षक होता. कष्टाळू, पण मुलांसमोर उभं राहिलं की आवाज बसायचा. मी म्हटलं, येतो दर शनिवारी. वर्षभर गेलो. शिट्टी माझी, खेळ माझे, गोष्टी माझ्या. तो हजेरी घ्यायचा आणि दोऱ्यांची ट्रंक उचलायचा. पोरं मला पाहून फाटकापर्यंत धावत यायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पुढच्या जूनमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अडीच महिने घरी. काठी टेकत गेलो तर ट्रंकेला कुलूप, आत उंदरांनी कुरतडलेल्या दोऱ्या. हजेरीपटावर शेवटची तारीख मी आलो होतो त्या शनिवारची. तो शिक्षक म्हणाला, "सर, पोरं तुमचंच ऐकतात. तुमची वाट बघत होतो." त्याला काय बोलणार? वर्षभर मीच त्याला वाट बघायला शिकवलं होतं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. पहिल्या तीन सभा मी घेतो, तो बघतो. पुढच्या तीन निम्म्या-निम्म्या. सातव्या सभेपासून मी मागे झाडाखाली बसतो, शिट्टी घरी ठेवून. काही चुकलं तरी मुलांदेखत तोंड उघडत नाही. परवा एका नव्या स्काऊटमास्तरने झेंड्याची गाठ इतकी घट्ट मारली की दोरी ओढली तरी झेंडा उलगडेना. माझे हात शिवशिवत होते. शेवटी एका संघनायकानेच पुढे होऊन झेंडा खाली घेतला, गाठ सोडली, पुन्हा बांधला. सभा संपल्यावर मी एवढंच विचारतो: आज कुठला भाग गाळला असता तर चाललं असतं, आणि कुठल्या संघनायकाला आज काहीच काम मिळालं नाही? चार महिन्यांनी महिन्यातून एक फेरी, मग नुसता फोन.

एकखांबी तंबू

स्काऊटमास्तर एकटा, आणि मे महिन्यात त्याची बदली. गेलं पथक. पहिल्या दिवसापासून दुसरा माणूस हवा. तो शिक्षकच हवा असं नाही. माजी विद्यार्थी, एखाद्या मुलाचा मामा, कुणीही, फक्त दर आठवड्याला येणारा. आणि ट्रंकेची दुसरी किल्ली त्याच्याकडे.

सोपानांवरून उड्या

स्काऊटच्या परीक्षांच्या पायऱ्या म्हणजे सोपान: प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार. प्रत्येक पायरीला कालावधी ठरलेला आहे. पण पुरस्कारामुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचा वास लागला की पालकांना घाई आणि मास्तरांना त्याहून घाई. मी अशा नोंदवह्या पाहिल्या आहेत की दोन वर्षांच्या हाईक एकाच पेनाने, एकाच बैठकीत आणि बहुधा आईच्या अक्षरात झालेल्या. अशा मुलाला मी दोन दोऱ्या देतो, एक जाड, एक बारीक, आणि जोडायला सांगतो. तो रीफ नॉट मारतो, ती सारख्या जाडीच्या दोऱ्यांची गाठ, आणि ती सटकते, कारण जाड-बारीक दोऱ्यांना शीट बेंड ही गाठ हवी. माझी सही मिळत नाही. आईसाहेब रागावतात, त्याला माझा इलाज नाही.

बाकी किरकोळ

गाठी फळ्यावर शिकवू नका. प्रत्येक मुलाच्या खिशात स्वतःची दोन मीटर दोरी हवी.

'खरी कमाई' म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायचे. त्यासाठी विकायची भेळ घरून आई करून देत असेल, तर कमाई आईची.

एक दिवसाची हाईक धड झाल्याशिवाय मुक्कामी शिबिर काढू नका. पालकांची लेखी संमती दोन्हींना घ्या.

पथकाच्या नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी असतं. "मागच्या वर्षी केली होती की" हे उत्तर जिल्हा संघटकांपुढे चालत नाही, आणि ते मेळाव्याच्या आदल्या दिवशीच आठवतं.

गणवेश शेवटी. मूल चार सभांना सलग आलं की मग कापड घ्या. स्वस्त कुठे मिळतो, ते तेव्हा फोन करून विचारा, सांगेन.