तिकिटावरची वेळ आणि खरा प्रवास

पोरगं लंडनला शिकायला निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, 'किती तास लागतात?' तिकिटावर मुंबईहून रात्री २ ला निघून सकाळी ७ ला पोहोच दिसते. म्हणजे पाचच तास? तसं नाही. तिकिटावर दोन्ही गावांची आपापली घड्याळं छापलेली असतात. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. तो फरक मिळवला की उन्हाळ्याचे साडेनऊ तास निघतात. अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, तेव्हा हिशेब बरोबर बसतो. येताना मात्र उलटं, फरक वजा करायचा. शिवाय वरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं, त्यामुळं परतीचं विमान बहुधा लवकर पोहोचतं.

खरी चूक होते ती तारखेत. १५ तारखेचं रात्री २ चं विमान म्हणजे १४ च्या रात्रीच विमानतळावर हजर पाहिजे. आमच्या वहिनी १५ ला दुपारी निघायचं म्हणून बॅगेत चटणीचे डबे भरत बसल्या होत्या. तिकीट हातात घेतलं म्हणून बरं झालं.

आता उलटं मोजा. विमानाआधी तीन तास, कोल्हापूर ते मुंबई गाडीनं सात-आठ तास, वर खंबाटकी घाट आणि पनवेलच्या गर्दीसाठी दोन तास राखीव. म्हणजे १४ ला दुपारी १ पर्यंत कोल्हापूरजवळचा किणी टोलनाका मागं पडलेला असू दे.