जांभळाचा अर्क आणि एमटीटीचा चकवा

अमुक फळाचा अर्क ब्रेस्ट कॅन्सरवर, असा प्रोजेक्टचा टॉपिक ज्यांना मिळालाय त्यांच्यासाठी लिहितेय. सेल कल्चर (लॅबमधे पेशी वाढवणं), आयसी५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारा डोस) तुम्हाला माहीत असेलच, ते सोडते.

माझं फळ जांभूळ. मिथेनॉलमधे अर्क काढला, रोटावर (मिथेनॉल उडवायचं यंत्र) आटवला, डीएमएसओ या द्रावकात विरघळवला आणि एमसीएफ-७ या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर टाकला. किती पेशी जिवंत ते एमटीटी या रंगाच्या टेस्टने मोजलं. डोस वाढला की पेशी मरायला हव्यात ना, माझ्याकडे २०० मायक्रोग्रॅमला व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ११८ टक्के! चार महिने हेच. सीरम बदललं, पेशींची नवी व्हायल काढली, रडून झालं. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन सुटलेल्या दिसायच्या पण प्लेटचा रंग मोजणारा रीडर म्हणायचा सगळं ठणठणीत, आणि मी रीडरचं ऐकत बसले.

मग एकदा प्लेटच्या शेवटच्या कॉलममधे पेशी टाकायच्याच राहिल्या, अर्क आणि एमटीटी मात्र पडलं. चार तासांनी बघते तर तिथेही जांभळा रंग!

हे नीट समजून घ्या. पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मेझान जिवंत पेशी करतात, रिडक्शन करून. पण फळातले पॉलिफेनॉल, व्हिटॅमिन सी हेही रिडक्शनच करतात, पेशी असोत नसोत. त्यात जांभळाचा स्वतःचा रंग. म्हणजे पेशी मेल्या तरी डोसबरोबर रीडिंग चढतंच. म्हणून प्रत्येक डोसला बिनपेशींच्या वेल (प्लेटमधले खळगे) ठेवा, त्यात मीडिया (पेशी वाढवायचं द्रव), अर्क, एमटीटी तिन्ही. नुसत्या मीडियाचा ब्लँक (वजा करायचं रीडिंग) चालत नाही, मी तोच वजा करत होते. एमटीटीआधी अर्क काढून पीबीएस या खारट बफरने धुवा, पण हलक्या हाताने, नाहीतर सुटत आलेल्या पेशीही जातात. जमलं तर सरळ एसआरबी ही दुसरी टेस्ट करा, त्यात पेशींमधलं प्रोटीन मोजतात, रिडक्शनचा संबंधच नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात स्क्रीनिंग याच पद्धतीने होतं.

सीनियरचा प्रोटोकॉल डोळे झाकून उचलू नका, तो बहुतेकदा शुद्ध कंपाउंडसाठी लिहिलेला असतो. आणि माझं स्पष्ट मत, जो गाइड प्लेट बघायला येत नाही आणि नुसता ग्राफ मागतो त्याच्याकडे जाऊच नका. एमसीएफ-१०ए सारख्या नॉर्मल पेशी न लावता "कॅन्सरवर गुणकारी" लिहिलंत तर व्हायव्हात सोलून काढतील.

घाबरू मात्र नका. कंट्रोल लावल्यावर माझा ग्राफ तीन आठवड्यांत सरळ झाला, अर्क तोच होता.

त्याच दिवसांत केमो चालू असलेल्या मावशीचा फोन आला, "जांभळाचा रस घेऊ का गं?" मी म्हटलं, मावशी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस, माझ्याकडे फक्त प्लेटमधल्या पेशी आहेत.