कॅलिफोर्नियात तासाच्या पगारावर काम करताना जेवणाची आणि विश्रांतीची सुट्टी कशी मोजावी आणि कशी मागावी

अमेरिकेत कामगाराला जेवायला वेळ द्यावाच लागतो, असे गृहीत धरून पुष्कळ जण नोकरीला लागतात. प्रत्यक्षात वेतन आणि कामाचे तास ठरवणाऱ्या १९३८ च्या केंद्रीय कायद्यात प्रौढ कामगारासाठी जेवणाच्या सुट्टीची सक्ती नाही. मालकाने स्वतःहून ५ ते २० मिनिटांची छोटी सुट्टी दिली, तर तिचा पगार कापू नये, एवढेच केंद्रीय नियम सांगतात. बाकी सारे त्या त्या राज्यावर सोडलेले आहे, आणि म्हणून टेक्सासहून बदली होऊन आलेल्या कुटुंबाला कॅलिफोर्नियाचे नियम अगदी वेगळे वाटतात.

हे मार्गदर्शन मुख्यतः पाळणाघर, किराणा दुकान, उपाहारगृह, औषधाचे दुकान किंवा गोदाम अशा ठिकाणी तासाच्या दराने काम करणाऱ्यांसाठी आहे. एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) येऊन कामाचा परवाना मिळवलेल्या अनेक मराठी स्त्रियांची अमेरिकेतली पहिली नोकरी याच प्रकारची असते. ठरावीक वार्षिक पगारावर व्यवस्थापकीय किंवा व्यावसायिक स्वरूपाचे काम करणारे बहुतेक जण या नियमांबाहेर राहतात. मात्र केवळ पगारदार म्हटल्याने कोणी बाहेर जात नाही. कामाचे स्वरूप आणि पगाराची किमान मर्यादा या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. २०२५ साली ती मर्यादा वर्षाला ६८,६४० डॉलर होती. सरकारी कर्मचारी आणि काही युनियनचे करार यांचे नियम निराळे आहेत.

प्रथम घड्याळ मांडावे. दिवसाचे काम ५ तासांहून अधिक असेल, तर किमान ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी द्यावी लागते आणि ती पाचवा तास संपण्याआधी सुरू व्हावी लागते. शेवटची ही अटच सर्वांत अधिक मोडली जाते. सकाळी ९ वाजता हजेरी लागली असेल, तर जेवण दुपारी २ च्या आत सुरू झाले पाहिजे. २ वाजून २० मिनिटांनी पूर्ण अर्धा तास मिळाला, तरी नियमभंग होतोच. काम १० तासांच्या पुढे गेले, तर दुसरी जेवणाची सुट्टी दहावा तास संपण्याआधी सुरू व्हावी लागते. ही सुट्टी सहसा बिनपगारी असते.

विश्रांतीची सुट्टी याहून वेगळी आहे आणि ती पगारी असते. दर ४ तासांमागे, किंवा त्यातील निम्म्याहून मोठ्या भागामागे, निव्वळ १० मिनिटे असा तिचा हिशेब आहे. त्यामुळे साडेतीन तासांपासून ६ तासांपर्यंतच्या पाळीत एक, ६ च्या पुढे १० तासांपर्यंत दोन आणि १० च्या पुढे १४ तासांपर्यंत तीन सुट्ट्या मिळतात. साडेतीन तासांहून कमी कामाला एकही नाही. शक्यतो ती कामाच्या त्या टप्प्याच्या मध्यावर असावी. विश्रांतीच्या जागेपर्यंत चालत जाण्यात गेलेला वेळ या १० मिनिटांत धरायचा नसतो, आणि एरवी स्वच्छतागृहात जाणे म्हणजे विश्रांतीची सुट्टी वापरणे नव्हे. हा मुद्दा पाळणाघरांत वारंवार वादाचा ठरतो, कारण तेथे मुलांना कोणाच्या तरी भरवशावर सोडल्याखेरीज जागेवरून हलताच येत नाही.

सुट्टी कशाला म्हणायचे, हेही नीट समजून घ्यावे. जेवणाच्या सुट्टीत कामगार सर्व कामांतून मोकळा असला पाहिजे आणि त्याला आवाराबाहेर जाण्याची मुभा असली पाहिजे. गल्ल्याशेजारी डबा उघडून बसायचे आणि गिऱ्हाईक आले की घास ठेवून उठायचे, हा प्रकार कायद्याच्या दृष्टीने कामच आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सुरक्षारक्षकांच्या खटल्यात हाच दंडक पगारी विश्रांतीलाही लावला: रेडिओ किंवा पेजर चालू ठेवून, बोलावणे आल्यास धावण्याच्या तयारीत घेतलेली विश्रांती ही विश्रांती ठरत नाही. आज रेडिओच्या जागी मोबाइल आला आहे. पाळीच्या गटसंदेशांना सुट्टीतही उत्तर द्यायला सांगितले जात असेल, तर याच निकालाचा आधार घेता येतो.

याला दुसरी बाजू आहे. मालकाने खरीखुरी मोकळीक द्यायची असते. कामगार जेवतो की नाही, यावर पहारा ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, हे याच न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. सुट्टी मोकळेपणी देऊ केलेली असताना कोणी आपण होऊन हातातले काम संपवत बसले, तर भरपाई मागता येत नाही. मालकाला ते ठाऊक असेल, तर त्या वेळेचा साधा पगार मात्र द्यावाच लागतो.

मग येतो सही केलेल्या कागदाचा प्रश्न. रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात सुट्टी सोडण्याची संमती असते आणि ती न वाचता सही होते. पहिली जेवणाची सुट्टी परस्परसंमतीने सोडता येते, पण त्या दिवसाचे एकूण काम ६ तासांपेक्षा जास्त नसेल तरच. आठ तासांच्या पाळीला ती संमती लागू पडत नाही. दुसरी सुट्टी १२ तासांपर्यंतच्या कामात सोडता येते आणि तीही पहिली घेतलेली असेल तर. अशी संमती एकदाच लेखी घेऊन ठेवणे २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने वैध मानले, परंतु ती कामगाराला केव्हाही मागे घेता आली पाहिजे. दुकानात रात्री एकटाच माणूस असतो, अशा कामांसाठी जागेवर बसून पगारी जेवण करण्याची सोय आहे. तिलाही लेखी करार लागतो आणि तोही लेखी कळवून रद्द करता येतो.

सुट्टी बुडाली तर काय? १९४८ च्या भारतीय कारखाने अधिनियमातही ५ तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितलेली होती, परंतु ती बुडवल्याबद्दल कामगाराच्या हाती थेट काही पडत नसे. कॅलिफोर्नियात पडते. जेवणाची सुट्टी बुडालेल्या, उशिरा मिळालेल्या किंवा अपुरी मिळालेल्या प्रत्येक दिवसासाठी एका तासाचा जादा पगार, आणि विश्रांतीच्या सुट्टीसाठी स्वतंत्रपणे आणखी एका तासाचा. एकाच दिवशी विश्रांतीच्या दोन्ही सुट्ट्या बुडाल्या तरी त्यांचा मिळून एकच तास धरतात, त्यामुळे दिवसाची कमाल मर्यादा दोन तासांची होते. समजा दर तासाला २० डॉलर आहे, आठवड्यात तीन दिवस जेवण उशिरा झाले आणि त्यांपैकी दोन दिवस विश्रांतीही मिळाली नाही. तर पाच तासांचे १०० डॉलर होतात. बिनपगारी अर्ध्या तासात काम करावे लागले असेल, तर त्या वेळेचा पगार याहून वेगळा. विक्रीवर ठरलेला प्रोत्साहन भत्ता मिळत असल्यास तोही या तासाच्या दरात मिळवावा लागतो, असा २०२१ चा निकाल आहे. ही भरपाई कायद्याने वेतनच मानली जाते, म्हणून तिची नोंद वेतनपत्रकावर दिसली पाहिजे.

यासाठी पुरावा रोजच्या रोज जमवावा, आणि माझ्या मते सगळ्या मार्गदर्शनातील हाच भाग मनावर घेण्याजोगा आहे. काही ठिकाणी हजेरीची प्रणाली जेवले-न-जेवले न पाहता ३० मिनिटे आपोआप कापते. काही ठिकाणी वेळ जवळच्या १० मिनिटांना नेऊन बसवते, ज्यामुळे २४ मिनिटांचे जेवण कागदावर ३० मिनिटांचे होऊन जाते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने जेवणाच्या नोंदींपुरते असे पूर्णांकन अमान्य केले आणि नोंदीत सुट्टी बुडालेली दिसली, तर नियमभंग झाल्याचेच प्रथमदर्शनी गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर राहील, असे ठरवले. म्हणून सुट्टीवर जाताना आणि परतताना हजेरी खऱ्या वेळेचीच लावावी. व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून वेळ बदलू नये. सोबत स्वतःच्या वहीत तारीख, कामाला सुरुवात, जेवणाची सुरुवात आणि शेवट, मिळालेल्या विश्रांती आणि कोणी काय कारण दिले, एवढे लिहावे. विश्रांतीची सुट्टी पगारी असल्याने तिची हजेरी मालक ठेवत नाही, त्यामुळे तेथे वहीचेच महत्त्व अधिक. वेतनाच्या नोंदी लेखी मागितल्यास मालकाने त्या २१ दिवसांत दाखवल्या पाहिजेत.

त्यानंतर मागणी ई-मेलने, दोन-तीन वाक्यांत करावी: माझी पाळी अमुक वाजता सुरू होते, जेवणाची सुट्टी अमुक वेळेआधी सुरू व्हायला हवी, या तारखांना ती मिळालेली नाही. तोंडी बोलणे झालेच, तर त्याच संध्याकाळी ते लिहून पाठवावे. तक्रारीनंतर ९० दिवसांच्या आत पाळ्या कमी केल्या किंवा कामावरून काढले, तर २०२४ पासून ती सूडाची कारवाई असल्याचे आधी गृहीत धरले जाते. व्हिसाची धमकी देणे हेही बेकायदेशीर आहे; पतीच्या किंवा पत्नीच्या एच-१बीला धक्का लागेल या धास्तीने गप्प बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कामगार आयुक्तांचे कार्यालय तक्रारदाराचा इमिग्रेशन दर्जा विचारत नाही.

स्तनपानासाठी दूध काढण्याची वेळ आणि स्वच्छतागृहाव्यतिरिक्त खासगी जागा मागण्याचा हक्क वेगळा आहे, तसाच उन्हात काम करणाऱ्यांचा सावलीत किमान पाच मिनिटे थंडावा घेण्याचा. ही थंडाव्याची विश्रांती नाकारली तरी वरच्यासारखाच एका तासाचा पगार देय होतो.

मालकाने दाद दिली नाही, तर कामगार आयुक्तांकडे वेतनाचा दावा दाखल करावा. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि दुभाषा विनामूल्य मागता येतो. बहुधा आधी तडजोडीची बैठक होते. तेथे मिटले नाही, तर सुनावणी होते आणि त्या वेळी वही, हजेरीच्या नोंदी व ई-मेल यांच्या प्रती सोबत न्याव्यात. दाव्याची मुदत ३ वर्षांची आहे आणि ती अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात: मार्च २०२६ मध्ये अर्ज केला, तर मार्च २०२३ पूर्वी बुडालेल्या सुट्ट्या हिशेबातून जातात, आणि अर्ज जितके दिवस लांबेल तितके जुने दिवस एकेक करून गळत राहतात.