साथीच्या दिवसांत डॉक्टरांना व्हिडिओवरून दाखवण्याआधी

साथ जोरात असताना दवाखान्याच्या गर्दीत बसण्यापेक्षा व्हिडिओवरून दाखवणं चांगलं. पण तिकडच्या डॉक्टरांना छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही, त्यांच्याकडे असतात ते तुम्ही सांगितलेले आकडे. म्हणून फोन लावण्याआधीच मोजून, वेळेसकट कागदावर लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ ऑक्सिमीटरचा, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा होतो. नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असलेलं बोट नको. कुलरसमोर बसून हात गार पडले असतील तर आधी चोळून गरम करा, रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा आणि आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडीचे 88 ऑक्सिजन समजून घरात रडारड होते. यंत्र उलटं धरलं तर 98 चे 86 दिसतात, म्हणून आधी त्यावरची अक्षरं सुलटी आहेत ना ते बघा. सेल उतरले की आकडा भरकटतो, तेव्हा बारीक सेलची एक जास्तीची जोडी घरात हवीच.

बसल्या जागी 94 किंवा जास्त असेल आणि दम लागत नसेल, तर सपाट फरशीवर सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजा. साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरे. आकडा 3 ने किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच सांगा. मुळातच 94 च्या खाली असलेल्या माणसाला मात्र चालवू नका.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. "मी मोजतोय" असं रुग्णाला सांगितलं की श्वासाची लय बदलते, तेव्हा नाडी बघितल्यासारखं करून मोजा. मोठ्या माणसाचा आकडा मिनिटाला 24 च्या वर गेला तर काळजीचं कारण आहे.

तापाचं नागपुरात वेगळंच. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, आणि तापलेल्या खोलीतल्या काचेच्या थर्मामीटरमध्ये पारा आपोआप वर चढून बसतो. आधी तो माठाच्या पाण्यात बुडवा, झटकून खाली आणा, मगच लावा. उन्हातून आलेल्या माणसाचा ताप अर्ध्या तासाने घ्या. लघवी किती वेळा झाली तेही लिहा, कारण उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी झाल्याने येणारा थकवा आजाराचाच वाटतो.

औषधं सांगताना "बीपीची पांढरी गोळी" असं सांगून भागत नाही. चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप एका ताटात मांडून नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा फोटो काढा. मूल आजारी असेल तर त्याचं आजचं वजन हवं, शिवाय तापाच्या सिरपची बाटली जवळ ठेवा, कारण 5 मिलीत 125 मिलिग्रॅमची आणि 250 ची अशा दोन्ही मिळतात आणि चूक झाली तर डोस थेट दुप्पट होतो. 16 वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस समोर बसलेलं असावं. मधुमेह असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर लिहा. घरात उरलेलं स्टेरॉइड मनाने सुरू करू नका. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांत अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड हे दोन्ही पुन्हा पुन्हा आढळले.

फोन लावताना कुलर बंद करा, नाहीतर त्याच्या घरघरीत डॉक्टरांना खोकला ऐकूच येत नाही. तोंड खिडकीकडे, फोन डब्याला टेकवून ठेवा, चार्जर लावलेला असू द्या. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवर दाखवायचं असेल तर ज्या नंबरवर ओटीपी येणार तोच फोन हातात घ्या. चिठ्ठी आली की डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही आहे का बघा. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीतली) आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं अशी व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत, आणि झोपेच्या काही गोळ्या त्यातच येतात. त्या संपत आल्या असतील तर आधीच सोय करा. फोन ठेवण्याआधी डोस मोठ्याने वाचून दाखवा आणि पुन्हा कधी बोलायचं ते ठरवून घ्या.

ऑक्सिजन 93 किंवा कमी, वाक्य पूर्ण करताना धाप, ओठ निळे, छातीत दुखणं, बोलण्यात असंबद्धपणा यातलं काहीही दिसलं तर व्हिडिओ नको, थेट 108 ची रुग्णवाहिका बोलवा. नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी मेयो, मेडिकल की मिहानमधलं एम्स, घरापासून कोणतं जवळ पडतं ते आजच ठरवा. फाइल, आधार कार्ड आणि चार्जर एका पिशवीत घालून पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.